चौकातले दोन चंद्र

आमच्या चौकात दोन चंद्र होते.

कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं जाहिरातीचं ऑफिस होतं. गच्चीत उभं राहिलं की चौकातले दोन मोठे फलक समोरासमोर दिसायचे. डावीकडे निळ्या कंपनीचा फोन आणि त्याच्या काचेत चंद्र. उजवीकडे पिवळ्या कंपनीचा फोन, त्याच्याही काचेत चंद्र. दिवेलागणीला दोन्ही फलक उजळायचे आणि खालच्या रिक्षा, कॉलेजातून परतणाऱ्या मुली, भाजीची गाडी, सगळं त्या दुधी उजेडात हळूहळू विरघळायला लागायचं. दोन चंद्र एकमेकांकडे टक लावून बसायचे. खरा चंद्र कधी उगवला आणि कधी मावळला, याची त्या चौकात कोणी चौकशी करत नसे. मीही करत नसे. मला पगार निळ्या चंद्राचा होता.

माझं काम टोमणे लिहिण्याचं. ओळखपत्रावर भलंमोठं इंग्रजी पद छापलं होतं, पण आई शेजारणीला सांगायची तेच बरोबर होतं: "आमची सुजाता एका फोनवाल्याकडून दुसऱ्या फोनवाल्याला बोलायला असते." चार वर्षं मी ते केलं, चांगलं केलं आणि सोडलं. दिवाळी अंकात कामाचा अनुभव लिहायचा तर माणूस निवृत्त तरी हवा, नाहीतर नावाजलेला. मी दोन्ही नाही, तिशीसुद्धा गाठलेली नाही. पण ज्या धंद्यात सकाळचा विनोद दुपारी शिळा होतो, तिथे चार वर्षं म्हणजे म्हातारपणच.

माझं मूळ शिक्षण पत्रकांचं. खडकीत दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मी वाढले. वडील कारखान्यात होते. विहाराला लागून आमची एक अभ्यासिका होती. ती बंद करून तिथे गोदाम करायचं घाटत होतं, तेव्हा मी अकरावीत होते. गुलाबी कागद स्वस्त, म्हणून गुलाबी कागदावर मी पहिलं पत्रक लिहिलं. जुन्या कार्यकर्त्यांनी शिकवलं होतं: पहिल्या ओळीत कोण अडवतंय ते दिसलं पाहिजे, शेवटच्या ओळीत कुठे जमायचं ते, आणि मधे रडायचं नाही. अभ्यासिका वाचली. त्यात पत्रकाचा वाटा किती, ठाऊक नाही. मला मात्र त्या दिवसापासून लिहिताना समोर कोणीतरी अडवणारा लागतो. नसला तर मी शोधते.

आणि चंद्र आमच्याकडे वैशाख पौर्णिमेचा. पांढऱ्या साड्या नेसून बायका विहाराच्या पायऱ्यांवर बसलेल्या असायच्या, खीर वाटली जायची, आणि कारखान्याच्या चिमणीमागून तो वर यायचा. मोठा, तांबूस, जरासा झोपेतून उठल्यासारखा. आम्ही पोरं खिरीच्या वाट्या हातात धरून बघत बसायचो. लहानपणी मला वाटायचं की चंद्र त्या चिमणीतूनच निघतो, पहिल्या पाळीचे लोक तो आत तयार करतात. वडिलांना एकदा विचारलं तर ते म्हणाले, "आम्ही फुटणाऱ्या वस्तू करतो, बाळ. ही आमची नव्हे."

तर अशा मुलीला अनिरुद्धने नोकरीला ठेवलं. अनिरुद्ध आमच्या ऑफिसचा प्रमुख. चाळिशीचा, गोड बोलणारा, कायम मळक्या पांढऱ्या बुटात. बंद केलेल्या बस फेरीबद्दल मी लिहिलेलं पत्रक त्याने एका थांब्यावर वाचलं होतं. खाली मोबाइल नंबर होता, त्यावर त्याने फोन केला.

"तुम्हाला राग छान येतो," तो म्हणाला. "तो आमच्यासाठी येईल का?"

मला वाटलं, येईल. रागाला काय, दिशा दिली की तो जातो.

बाहेरच्यांना हा धंदा कळावा म्हणून थोडक्यात सांगते. दोन फोन कंपन्या एकमेकींची टिंगल करतात तेव्हा नाव घेत नाहीत. नाव घेतलं की कोर्ट. म्हणून रंग दाखवायचा, कॅमेऱ्याचा आकार दाखवायचा, समोरच्याच्या जुन्या ओळीसारखी ओळ लिहायची, आणि विचारलं तर आकाशाकडे बघायचं. प्रत्येक ओळ आधी वकीलबाईंकडे जायची. त्यांचं एकच पालुपद: "आपला पांढराशुभ्र म्हणा हो, हवं तितकं म्हणा. त्यांचा मळका म्हणू नका." मग आम्ही असं लिहायचो, की वाचणाऱ्याने तो मळका स्वतःच म्हणावा. गुन्हा वाचणाऱ्याच्या डोक्यात घडवायचा आणि हात झटकायचे. पत्रकातही मी हेच करत आले होते, फक्त तिथे अभ्यासिका असायची, इथे बॅटरी.

पिवळ्यांनी एकदा अगदी पातळ फोन काढला. फलक लावला: "इतका सडपातळ, की खिशात आहे हे विसराल." दुसऱ्या दिवशी समोर आमचा फलक: "बॅटरी संपली की आठवेल." चौकात लोक थांबून हसले. मग पिवळ्यांनी निळ्यांच्या दुकानाशेजारी भिंतीवर नुसता एक प्लग काढला आणि खाली लिहिलं: "शेजारी फोन घेतलात ना? चार्जिंगला इथे या. चहा मिळणार नाही." तो मला इतका आवडला की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईने विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी म्हटलं, नाही, शत्रूने. ती म्हणाली, "मग त्याच्याकडे जा ना कामाला. तो बरं लिहितो."

असे दिवस चालले होते. खोटं कशाला, ते दिवस गुंगीचे होते. सकाळी नवीन टोमणा, दुपारी त्यावर हजारो हसरे चेहरे, संध्याकाळी गच्चीतून दोन उजळलेले फलक. एवढा राग रोज उगवायचा आणि रोज मावळायचा, आणि कोणाला काही लागायचं नाही. मला वाटायचं, भांडण असावं तर असं, ढगांच्या टकरीसारखं. गडगडतं आणि पाऊस मात्र कुठे पडत नाही.

आता वैशालीताई. नाव बदललं आहे. ती आता त्या धंद्यात नाही, ज्याच्याबद्दल पुढे येईल तो सागरही नाही. नाहीतर हे लिहिलं नसतं. कंपन्यांचे रंगही मी बदलले आहेत, त्यामुळे घरातला फोन उलटासुलटा करून बघू नका.

नोकरीला लागल्यावर अनिरुद्धने मला आठवडाभर बुधवार पेठेत एका मोबाइलच्या दुकानात उभं केलं. म्हणाला, "आधी गिऱ्हाईक बघ, मग लिही." दगडूशेठच्या बाजूने वाहत येणारी गर्दी, हारांचा वास, वायरींच्या गुंडाळ्या, जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि त्या सगळ्यातून काचेचं दार ढकलून आत आलं की एकदम गार शांतता. आत काचेच्या टेबलांवर फोन मांडलेले. सगळ्यांच्या पडद्यांवर तोच तो समुद्र, तेच तेच मासे, पुन्हा पुन्हा. तासभर उभं राहिलं की आपणही पाण्याखाली आहोत असं वाटायचं. गिऱ्हाइकं माशांसारखी काचेपाशी यायची, तोंड उघडायची, मिटायची, निघून जायची.

अशा दुकानात प्रत्येक कंपनीचा आपला माणूस उभा असतो. त्याला प्रमोटर म्हणतात. पगार कंपनीचा, जागा दुकानाची. वैशालीताई निळ्यांची प्रमोटर, म्हणजे आमच्या क्लायंटची. चाळिशीची, बारीक चणीची, मुलगी तेव्हा नववीत, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तिच्या शेजारच्याच टेबलावर पिवळ्यांचा सागर, वाशीमकडचा, तिशीचा. चौकातल्या फलकांप्रमाणे पाहिलं तर या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायला नको. प्रत्यक्षात ते एकाच डब्यात जेवायचे.

पहिल्याच दिवशी दुपारी बारा वाजता सागर म्हणाला, "ताई, येतो मी पोरीले घेऊन."

"जा. आज रस्ता खोदलाय, पुलावरून नको जाऊ."

तो गेला. त्याची बायको नोकरीला, मुलगी बालवाडीत, तिला मेव्हणीकडे सोडून तो तासाभराने परतायचा. त्याचं पाऊल बाहेर पडताच वैशालीताईने टेबलामागच्या खिळ्यावरून एक पिवळं जॅकेट काढलं, आपल्या निळ्या टीशर्टवर चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि सागरच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली.

मी बघतच राहिले.

"अगं, टेबल रिकामं दिसलं तर त्याची नोकरी जाईल," ती म्हणाली. "कंपनीवाले गिऱ्हाईक बनून तपासायला येतात. कधी येतील सांगता येत नाही. माझी मुलगी आजारी असते तेव्हा तो निळं घालतो."

"पण मग तुम्ही विकता काय? आपला फोन की त्यांचा?"

"जॅकेट घातलं की गिऱ्हाईक त्याचं," ती म्हणाली, जसं काही हे शाळेतच शिकवतात. "त्यात ओढाओढी नाही. एकदा केली की संपलं सगळं."

ही त्या गल्लीची रीत होती. कोणी लिहून ठेवलेली नाही, दोन्ही कंपन्यांच्या करारांत न बसणारी, आणि मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही करारापेक्षा पक्की. वैशालीताई पिवळ्या जॅकेटमध्ये पिवळा फोन विकायची, आणि मनापासून विकायची. कोणत्या पोराला गेमसाठी हवाय, कोणत्या काकूंना अक्षर मोठं हवंय, तिला चेहऱ्यावरून कळायचं. फोन चांगला असेल तिथे चांगला म्हणायची, नसेल तिथे नाही म्हणायची. दोन्ही रंगांत तसंच.

त्याच आठवड्यात एक आजोबा आले. पांढरी टोपी नाही, काठी नाही, साधा बुशशर्ट, पण बोलण्यावरून सदाशिव पेठ कळत होती. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रातल्या आमच्या आणि पिवळ्यांच्या जाहिरातींची कात्रणं काढून दोन्ही टेबलांच्या मधोमध ठेवली.

"आपण यांचे?" त्यांनी वैशालीताईला विचारलं.

"हो काका."

"आणि आपण त्यांचे?" सागरला.

"हो जी."

"तुम्ही म्हणता, यांचा फोन टिकत नाही. ते म्हणतात, तुमचा फोन तापतो. मी दोन्ही नीट वाचलं. माझा दोघांवरही पूर्ण विश्वास बसला आहे." मग कात्रणं पुन्हा पिशवीत ठेवत म्हणाले, "बटणांचा फोन कुठल्या बाजूला मिळेल?"

त्या माणसाला मी नंतर कितीदा मनात नमस्कार केला. त्या दिवशी मात्र हसले आणि विसरले.

चंद्राचं भांडण चौथ्या वर्षी पेटलं. पिवळ्यांच्या नव्या फोनने चंद्राचा फोटो जवळून काढता यायचा, डोंगर आणि खड्डे दिसतील इतका. महिनाभर सगळीकडे पिवळा चंद्र. मग आमच्या निळ्यांनीही तसाच फोन काढला, आणि अनिरुद्धला चढायला निमित्त मिळालं. इंटरनेटवर काही लोक कुजबुजत होते की हा चंद्र कॅमेरा पकडत नाही, फोन स्वतःच भरतो. अनिरुद्ध म्हणाला, "बस. हेच. त्यांचा चंद्र खोटा."

मला मजा वाटली. चंद्राच्या बाजूने भांडायचं होतं. विहाराच्या पायऱ्यांवरून पाहिलेला तो, त्याची नक्कल करून कोणी विकत असेल तर मी गप्प बसणार नव्हते. मी झपाटल्यासारखी ओळी लिहायला लागले. बसमधून जाताना, जेवताना, झोपेतही. डोळे मिटले की पापण्यांच्या आत पिवळा चंद्र तरंगायचा आणि मी त्याच्यावर लिहीत बसायचे.

मग एका सकाळी अनिरुद्धने सगळ्यांना मोठ्या पडद्यापुढे बोलावलं. आमच्यातलाच एक जण खिशात कॅमेरा लपवून, गिऱ्हाईक बनून, दुपारी बुधवार पेठेत गेला होता. त्याने पिवळ्या टेबलावर विचारलं होतं, "हा चंद्र खरा येतो का हो?" पडद्यावर पिवळ्या जॅकेटमधली एक बाई दिसली. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज जरा खाली आणला.

"दादा, खरं सांगू? या फोनला चंद्र पाठ आहे. आपण धरला तो अर्धा, बाकीचा तो आठवून लिहितो. तुमचा हात हलला तरी चंद्र तसाच येणार. चंद्रासाठी नका घेऊ. घरात उजेड कमी असताना माणसांचे फोटो कसे येतात ते बघा, हा घ्या, माझाच काढून बघा."

आणि ती कॅमेऱ्याकडे बघून छान हसली.

खोलीत टाळ्या पडल्या. "पिवळ्यांचीच बाई पिवळ्यांचा चंद्र फोडतेय," अनिरुद्ध म्हणाला. "सोनं आहे हे. चेहरा धूसर करू, आवाज तसाच ठेवू. सुजाता, खाली एकच ओळ दे. तुझी सगळ्यात जहाल."

मी टाळ्या वाजवल्या की नाही, आठवत नाही. कानात पाणी गेल्यासारखं झालं होतं. सगळे बोलत होते आणि मला फक्त मासे दिसत होते. या शहाण्यांनी शत्रूची बाई पकडली होती, आणि ती आमचीच होती. आमच्याच क्लायंटच्या पगारावरची वैशालीताई. जॅकेटच्या गळ्यापाशी निळ्या टीशर्टची बारीक कड दिसत होती. खोलीत मी एकटीच त्या दुकानात आठवडाभर उभी राहिले होते.

एक शब्द उच्चारला असता तर जाहिरात तिथेच मेली असती: ही आपली आहे. पण मग पुढचा प्रश्न, आपली बाई पिवळ्या जॅकेटमध्ये काय करत होती? म्हणजे वैशालीताई घरी, आणि टेबल सोडून जाणारा सागरही घरी. गप्प बसले तर तिचा आवाज घरोघरी. त्या गल्लीत ज्याने एकदा तिच्याकडून फोन घेतलाय, त्याला तो आवाज डोळे मिटून ओळखू येईल. दोन्हीकडून तीच मरणार होती.

मी म्हटलं, फीत माझ्या फोनवर पाठवा, ओळ उद्या देते. आणि थेट बुधवार पेठेत गेले.

दुकानामागच्या बोळात, चहाच्या टपरीपाशी, मी तिला माझ्या फोनवर ते दाखवलं. तिने कप खाली ठेवला. आधी हसली.

"आवाज बरा आलाय माझा. आणि जाडी दिसत नाहीये."

मग मी सांगितलं, हे कशासाठी आहे. ती पुन्हा पाहायला लागली. या वेळी हसली नाही. मागून सागर आला, त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माह्यामुळे झालं हे, ताई."

"गप रे. पोरीला काय शाळेतच ठेवणार होतास?" मग माझ्याकडे वळून, "माझ्या मुलीची बारावीची फी, क्लास, सगळं याच्यावर आहे सुजाता. अकरा वर्षं उभी आहे मी इथे. पायांच्या शिरा बघ." फोन माझ्या हातात परत देत म्हणाली, "मी खोटं बोलले का त्यात?"

"नाही ना. म्हणून तर त्यांना हवंय."

"आणि तुमचा काय, खरा येतो?" तिने कप उचलला. "निळ्यालाही पाठच आहे की. मी दोन्ही विकते ना. तुमच्या ऑफिसात कोणी काढून बघितलं नाही का कधी?"

नव्हतं बघितलं. महिनाभर चंद्रावर लिहीत होतो आणि एकानेही फोन वर करून चंद्र पाहिला नव्हता.

संध्याकाळी परत आले. ऑफिसच्या बंगल्याला लागून एक सोसायटी आहे, तिच्या फाटकाच्या खांबावर पांढऱ्या काचेचा गोल दिवा आहे, जुना, जरासा धुरकट. तिन्हीसांजेला तो लागला. मी रस्त्याच्या पार पलीकडे गेले, आमचा नवा निळा फोन धरला, जवळ आणत आणत दिवा पडद्यावर मावेल इतका मोठा केला. क्षणभर तो नुसता धूसर पांढरा डाग होता. मग फोनने जरा विचार केल्यासारखं केलं, आणि त्या डागावर हळूहळू समुद्र उमटले. डोंगर आले. खड्डे आले. खांबावर, सोसायटीच्या नावाच्या पाटीशेजारी, पौर्णिमेचा चंद्र लागला होता.

किती वेळ बघत होते कोण जाणे. ते इतकं सुंदर होतं की राग यायचा राहून गेला. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या, आणि माझ्या हातात एक दिवा स्वप्न बघत होता.

फाटकावरचे मारुतीकाका जवळ आले. "काय काढताय एवढं दिव्याचं?"

मी दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"हा आपला दिवा?"

"हो काका."

"कालच पुसला होता हो. एवढे डाग कुठून आले?"

सकाळी अनिरुद्धच्या खोलीत गेले. वकीलबाईही होत्या. मी ओळ दिली नाही, फोटो दिला. दोघांनी तो नीट पाहिला.

"छान आलाय," अनिरुद्ध म्हणाला. "खांब कशाला ठेवलास?"

"तो आपल्या शेजारच्या फाटकावरचा दिवा आहे. खिडकीतून बघा."

त्याने खिडकीतून पाहिलं. दिवसा विझलेला दिवा तिथे होता. वकीलबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी काही पाहिलेलं नाही." आणि खरोखरच उठून गेल्या.

अनिरुद्धने खिडकीचा पडदा ओढून घेतला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला लिहायलाच हवं. मग हळू म्हणाला, "सुजाता, जाहिरात म्हणजे स्वप्न असतं. स्वप्नाची कोणी पावती मागत नाही."

"तुम्ही मागताय ना, पिवळ्यांच्या स्वप्नाची."

"काय हवंय तुला?"

"ती फीत पुसा. सगळीकडून. माझ्यासमोर."

"आणि हा फोटो?"

इथे मला कबूल करायला जड जातं. माझ्याकडे मथळा तयार होता. आदल्या संध्याकाळीच सुचला होता: दोन्ही चंद्र खोटे, दिवा मात्र आमचा. गुलाबी कागदावर, शहरभर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. लोकांना फसवणारे दोन मोठे हत्ती, आणि खांबावरचा एक दिवा त्यांना उघडा पाडतो. असं पुन्हा सुचणार नाही, तेव्हाही माहीत होतं. पण ते छापलं असतं तर फीत का अडवली हे शोधलं गेलं असतं, आणि त्या शोधाच्या शेवटी पिवळ्या जॅकेटमधली एक बाई उभी होती.

"फोटो पुसते," मी म्हटलं. "आधी तुम्ही."

त्याने पुसलं. मी पुसलं. एक खोटा चंद्र आणि एक खरी बाई, दोन्ही एका मिनिटात नाहीसे झाले. दाराशी त्याने विचारलं, "कोण आहे ती तुझी?"

"कोणी नाही. पिवळ्यांची बाई आहे."

"तुला तर खोटं चालत नाही म्हणे."

मी दार ओढून घेतलं. फोटो बाहेर काढणार नाही असा शब्द दिला होता, तो आजपर्यंत पाळला आहे. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

त्याच दुपारी मी हवेत तरंगत बुधवार पेठेत गेले. ऊन मऊ होतं, गर्दी माझ्यासाठी बाजूला होतेय असं वाटत होतं. पुष्कळ लढे पाहिलेत मी. जिंकलेले थोडे, आणि त्यांतला एकही इतका गुपचूप नव्हता. मला तिला सांगायचं होतं, झालं, पुसलं, कोणाला कळणार नाही.

बारा वाजून गेले होते. सागर नव्हता. वैशालीताई पिवळ्या जॅकेटमध्ये त्याच्या टेबलामागे होती आणि तिच्यासमोर एक गृहस्थ, हातात पिवळा फोन घेऊन. शाळामास्तर असावेत, शर्टाच्या खिशाला पेन होतं. मी दारातूनच तिला अंगठा वर करून दाखवला. तिला कळलं. तिने डोळे मिटले आणि उघडले, एवढंच.

"ताई, एक विचारू?" ते गृहस्थ म्हणाले. "आमच्या आई अंथरुणाला आहेत. खिडकीतून आकाश दिसत नाही त्यांना. याच्यात चंद्र नीट येतो का? म्हणजे, खरा?"

वैशालीताईने त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. पेनाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"येतो," ती म्हणाली. "अगदी जवळ."

त्यांनी फोन घेतला. आभार मानून गेले. काचेचं दार मिटलं, सगळ्या पडद्यांवरचे मासे पुन्हा पहिल्यापासून पोहायला लागले. ती जॅकेटची चेन गळ्यापर्यंत आणखी वर ओढत होती.

"अशी काय बघतेस?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक कोण आणि कॅमेरा कोण, मला आता कसं कळणार?"